सहा लाखांचा प्रोसेसर की १ लाख ८० हजारांचा रिसीव्हर?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. नाशिकला फ्लॅटमधली १५ बाय ११ फुटांची एक खोली तुम्ही फक्त सिनेमासाठी ठेवली आहे. छत साडेनऊ फूट. पुढचे तीन स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा स्पीकर, घेऊन झालेत, पीओपीचं काम अजून व्हायचंय, आणि शेवटी ५.१.४ करायचंय, म्हणजे भोवती पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतात चार. दुकानदाराने दोन कोटेशनं दिली आहेत. पहिल्यात एकच एव्ही रिसीव्हर आहे: अकरा चॅनल (एकेका स्पीकरचा वेगळा आवाज म्हणजे एक चॅनल) प्रोसेस करणारा, आत स्पीकरला ताकद देणारा नऊ चॅनलचा अॅम्प्लिफायर, १ लाख ८० हजार. दुसऱ्यात सोळा चॅनलचा वेगळा प्रोसेसर आणि सोबत वेगळे पॉवर अॅम्प्लिफायर, मिळून ६ लाख. तुम्ही विचारलंय, "प्रोसेसर घेतला तर पुढची दहा वर्षं बघायला नको, म्हणजे पैसे वसूल होतील ना?"

मी सतरा वर्षं घरोघरी हीच कामं करतोय आणि दोन्ही प्रकारच्या सिस्टिम बसवल्या आहेत. माझ्या मते "कोणता चांगला" हे विचारून हाती फार काही लागणार नाही. ४ लाख २० हजार जास्त मोजल्यावर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाला काय वेगळं ऐकू येईल, हे विचारायला हवं. ते खोलीवर, स्पीकरवर आणि तुम्ही किती आवाजात ऐकता यावर अवलंबून आहे. तुमच्या खोलीपुरतं माझं उत्तर पहिलं कोटेशन असं आहे. त्याच्या मागचा हिशेब सांगतो, म्हणजे तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुम्हीच तो फिरवून बघू शकाल.

या डब्यांचं काम तीन भागांत असतं: आलेला सिग्नल उलगडायचा, तो खोलीप्रमाणे स्पीकरमध्ये वाटायचा, आणि मग त्याला ताकद द्यायची.

उलगडण्याच्या कामात महाग आणि स्वस्त यात काही फरक नाही. डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत, २०१२ मध्ये थिएटरांत आली, २०१४ मध्ये घरात आली, आणि आज साध्या रिसीव्हरवरही तिचा लोगो असतो. डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी असो की ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस, आकडे उलगडले की दोन्ही डब्यांत तेच आकडे हाती येतात. तुम्ही लिहिलंय की घरात जवळजवळ सगळं ओटीटीवरच बघतात. तिथला अॅटमॉस मुळातच दाबून पाठवलेला असतो, आणि बऱ्याच मराठी चित्रपटांना तिथे ५.१ किंवा स्टिरिओच मिळतो. त्यामुळे डब्याच्या तोंडावर लोगो किती आहेत यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

चॅनलच्या संख्येचंही तसंच. ५.१.४ म्हणजे नऊ स्पीकर आणि सब. अकरा चॅनलचा रिसीव्हर त्यातच पुरून वर दोन शिल्लक ठेवतो. सोळा चॅनल तुमच्या खोलीत लावायचे कुठे? ११ फूट रुंदीत सोफ्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन फूट राहतात. तिथे आणखी स्पीकर आले की ते कानाला इतके जवळ येतात की शेजारचा स्पीकर वेगळा ओरडतोय असं वाटायला लागतं. सोळा चॅनलला अर्थ येतो तो दोन रांगांच्या, वीस-बावीस फुटी खोलीत.

आता ताकद. दुकानात सगळ्यात जास्त बोलणं यावरच होतं, म्हणून इथे जरा थांबतो. तुमच्या पुढच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल लिहिली आहे. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. सोफा तीन मीटरवर आहे, तिथपर्यंत मोकळ्या जागेच्या हिशेबाने साडेनऊ डेसिबल गळतात, उरले साधारण साडेसत्त्याहत्तर. बंद खोलीत गळती याहून थोडी कमीच असते, पण आपण वाईट बाजूच धरू. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला, म्हणजे थिएटरसाठी ठरलेल्या आवाजाला, एका चॅनलचा सर्वात मोठा क्षण १०५ डेसिबलचा धरतात. फ्लॅटमध्ये कुणी तेवढं ऐकत नाही. माझी बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्या १५ ते २० डेसिबल खाली स्थिरावतात. उणे १५ धरलं तर मोठ्यात मोठा क्षण ९० डेसिबलचा. त्यासाठी लागतात अठरा वॅट. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं, आणि त्याचा अॅम्प्लिफायर त्याच्याच पोटात असतो, म्हणजे सगळ्यात जास्त वॅट खाणारा भाग रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरतो.

उलट बाजूही सांगतो. हाच हिशेब पूर्ण रेफरन्सला लावला तर साडेपाचशे वॅटच्या वर जातो. तिथे रिसीव्हर पुरणार नाही, पण दुसऱ्या कोटेशनमधला दोनशे वॅटचा अॅम्प्लिफायरही पुरणार नाही. शंभरचे दोनशे वॅट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे रिमोटवरचे मोजकेच टप्पे. ज्याला खरंच तेवढ्या आवाजात ऐकायचंय त्याने जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्यावेत. ८७ चे ९५ झाले की वॅट एक षष्ठांशाहूनही कमी लागतात.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. वॅटचा आकडा कसा मोजलाय ते वाचल्याशिवाय त्यावर विश्वास नको. "एक चॅनल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन" असं बारीक अक्षरात असेल तर तो आकडा शोभेचा. "दोन चॅनल एकदम, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०५ टक्के" असं असेल तर तो आकडा धरून चालायला हरकत नाही.

राहिलं मधलं काम, आवाज खोलीप्रमाणे वाटण्याचं. पैसे कुठे लावायचे ते इथे ठरतं, आणि म्हणूनच मी इथे सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

प्रत्येक बंद खोलीचे स्वतःचे सूर असतात. तुमच्या १५ फूट लांबीचा पहिला सूर येतो ३८ हर्ट्झला, ११ फूट रुंदीचा ५२ ला, आणि छताचा ६० ला. सिनेमातले स्फोट, गडगडाट, ढोल हे सगळं याच पट्ट्यात. या सुरांना खोली स्वतःहून घुमते. एका जागी बेस अंगावर येतो आणि चार फूट सरकलं की गायब होतो. लांबीच्या बरोबर मध्यावर सोफा ठेवलात तर ३८ हर्ट्झ तिथे जवळजवळ ऐकूच येणार नाही, सबवूफर कितीही मोठा असो. आपल्याकडच्या भिंती वीट आणि काँक्रीटच्या. लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या अमेरिकी घरांत थोडा बेस भिंतीतून निसटतो. आपल्याकडे तो बराचसा आतच फिरत राहतो, म्हणून ही घुमणूक जास्त टोकदार असते. परदेशी परीक्षणं वाचून सबवूफरचा आवाज ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

यावर रूम करेक्शन नावाची सोय असते: ऑडिसी, डिराक लाइव्ह, यामाहाचं वायपीएओ, अँथमचं एआरसी. माइकने खोली मोजायची आणि फुगलेले सूर खाली आणायचे. फुगवटा खाली आणता येतो, खड्डा मात्र भरता येत नाही, ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. १० डेसिबलचा खड्डा भरायचा तर अॅम्प्लिफायरला दहापट वॅट द्यावे लागतात, आणि खोली तेही गिळते. खड्डा घालवायचा तर सोफा हलवा, सबवूफर हलवा, किंवा दुसरा सबवूफर आणा.

दुसऱ्या सबवूफरवर माझा इतका भर का, ते सांगतो. हरमन या ऑडिओ कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांत सबवूफर किती आणि कुठे असावेत याचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले की बहुतेक बैठकांवर बेस बराच सारखा होतो, हा त्यातला मला रोज उपयोगी पडणारा भाग. पुढच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एक ठेवला की लांबीचा पहिला सूर दोघं मिळून उठूच देत नाहीत. तुमचा ३८ हर्ट्झचा प्रश्न असा मुळातूनच सुटतो. सहा लाखांचा प्रोसेसर एका सबवूफरवर हे काम करू शकत नाही.

फक्त रिसीव्हर निवडताना एक फसवी जागा सांभाळा. डब्यावर "७.२" लिहिलेलं असतं आणि मागे सबवूफरची दोन छिद्रंही असतात, पण कित्येक मॉडेलमध्ये दोन्हींतून एकच सिग्नल जातो, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारा नुसता वाय-कनेक्टर. तुम्हाला हवा आहे असा, ज्यात प्रत्येक सबवूफरचं अंतर आणि पातळी वेगळी बसवता येते. मॅन्युअल डाउनलोड करून स्पीकर सेटिंगचं पान उघडा. "सब १" आणि "सब २" यांना अंतर वेगवेगळं टाकता येत असेल तर ती सोय खरी. ही सोय आणि करेक्शनची वरची आवृत्ती, एवढ्या दोन गोष्टींसाठी खालच्या मॉडेलवरून वर चढायला माझी मनापासून संमती आहे. ऑडिसीत साध्या मल्टिईक्यूपेक्षा एक्सटी३२ बेसमध्ये कितीतरी बारीक काम करते. डिराक घेणार असाल तर परवाना मर्यादित पट्ट्याचा आहे की पूर्ण, हे विचारा. मर्यादित म्हणजे ५०० हर्ट्झपर्यंत. माझ्या अनुभवात तुमच्या खोलीला तो पुरतो, कारण खोलीचा त्रास बहुतेक ३०० च्या खालीच असतो आणि त्याच्या वर चांगल्या स्पीकरला फार हात न लावलेलाच बरा.

आणि हे सगळं मोजणाऱ्याच्या हातात आहे. पुण्यात कोथरूडला एका फ्लॅटमध्ये मागे दुसऱ्या कुणीतरी मोजून गेलेली सिस्टिम मी परत मोजली. मालकांची तक्रार होती की महागडा रिसीव्हर घेऊनही संवाद कळत नाहीत. आधीच्या माणसाने माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवला होता आणि पंखा चालू ठेवला होता. मी पंखा, एसी, फ्रिज बंद केले, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला लावला, आणि आठ जागा हातभर अंतरात घेतल्या. पाचव्या जागेला शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. ती जागा रद्द केली, काकूंना विचारून आणखी दोन शिट्ट्या होऊ दिल्या आणि मग पुढे गेलो. मोजणी झाल्यावर संवाद ज्यातून येतात तो मधला सेंटर स्पीकर बघितला, तर तो टीव्ही युनिटच्या खणात वीतभर आत होता. तो कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराची पाचर घालून तोंड कानाकडे वळवलं, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं ती सीमा, ४० वरून ८० हर्ट्झवर आणला. त्यांच्या आईंनी तोच प्रसंग दुसऱ्यांदा लावायला सांगितला आणि सबटायटल बंद केली. नवीन वस्तू एकच लागली होती, ती पाचर.

आता तुमचा दहा वर्षांचा मुद्दा. तो पूर्ण चुकीचा नाही, पण पैसे चुकीच्या अर्ध्यावर लावतोय. अॅम्प्लिफायर खरंच म्हातारा होत नाही; पंधरा वर्षांपूर्वी बसवलेले माझे काही आजही चालू आहेत. प्रोसेसर मात्र सगळ्यात लवकर जुना होतो. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या एचडीएमआयचं २.१ हे मानक २०१७ मध्ये जाहीर झालं, डबे बाजारात यायला त्यानंतर काही वर्षं गेली, आणि त्याआधी भारी प्रोसेसर घेतलेल्यांना बोर्ड बदलायची वाट बघत बसावं लागलं. उलट, वरच्या वर्गातली सोय खाली झिरपायला फार काळ लागत नाही. डिराकची अॅक्टिव्ह रूम ट्रीटमेंट ही वरची करेक्शन सोय आधी स्टॉर्मऑडिओसारख्या महागड्या प्रोसेसरवर आली आणि २०२५ मध्ये डेनॉन आणि मॅरंट्झच्या काही रिसीव्हरवरही मिळायला लागली. म्हणून प्रोसेसिंगमध्ये आज गरजेपुरतेच पैसे घाला आणि सहा-सात वर्षांनी तो भाग बदलायची तयारी ठेवा.

त्यासाठी रिसीव्हरला सगळ्या चॅनलचे प्री-आउट, म्हणजे बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडायची छिद्रं, असली पाहिजेत. उद्या स्पीकर बदललेत आणि ते ४ ओहमचे, जड निघाले, तर पुढच्या तिघांना बाहेरून अॅम्प्लिफायर लावता येईल. रिसीव्हरचे प्री-आउट कमजोर असतात असं तुम्हाला सांगितलं गेलंय. ८ ओहमला शंभर वॅट म्हणजे २८ व्होल्ट. अॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती वाढवतो तो आकडा, २८ डेसिबल असेल तर त्याला आत सव्वा व्होल्टपेक्षा कमी पुरतात, आणि दोनशे वॅटला १.६. चांगल्या रिसीव्हरला हे सहज जमतं. फक्त अॅम्प्लिफायर घेताना त्याचा गेन बघा.

दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने मी कधी उभा राहीन? खोली दोन रांगांची असेल आणि अकराच्या वर चॅनल खरोखर लागणार असतील. स्पीकर अॅम्प्लिफायरला जड जाणारे आणि सोफा लांब असेल. सगळी यंत्रं दुसऱ्या खोलीत रॅकमध्ये जाणार असतील आणि लांब वायरींत खरखर शिरू न देणारी बॅलन्स्ड एक्सएलआर जोडणी हवी असेल. किंवा चार सबवूफर लावून प्रत्येकाला वेगळं हाताळायचं असेल. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका बंगल्यात मी स्वतः वेगळा प्रोसेसर सुचवला, कारण यातल्या तीन गोष्टी तिथे होत्या. तुमच्याकडे यातली एकही नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवायचा विचारही तुम्ही लिहिलाय. तिकडचे बहुतेक रिसीव्हर १२० व्होल्टचे असतात. इथे मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो आणि इथली वॉरंटी मिळत नाही. इतक्या जड डब्याचा एक बोर्ड गेला तर तो पाठवायचा कुठे? थोडे जास्त पडले तरी इथल्या बिलावर घ्या.

तर ४ लाख २० हजारांतले मी असे वापरीन. पहिल्यांदा आहे त्याच मॉडेलचा दुसरा सबवूफर, म्हणजे दोघांची जुळणी सोपी जाते. मग बाजूच्या भिंतींवर आवाजाचं पहिलं प्रतिबिंब पडतं तिथे चार इंची रॉकवूलचे कापडी पॅनेल आणि मागच्या कोपऱ्यांत जाड बेस ट्रॅप, म्हणजे बेस शोषणारे पॅनेल. हे नाशिकचा तुमचा सुतारही करील, मापं मी देतो. खाली गालिचा. स्वतंत्र अर्थिंग तपासून घ्या, आणि रिसीव्हरच्या वर सहा इंच मोकळे सोडा, कारण बंद खणातल्या उन्हाळ्याने मी जेवढे डबे मेलेले पाहिलेत तेवढे विजेच्या झटक्यानेही नाही. एवढं करून निम्म्याहून जास्त रक्कम हातात राहील. ती खर्च करायची घाई करू नका. सहा महिने ऐका, मग काय कमी वाटतंय ते तुम्हालाच कळेल.

एक गोष्ट मात्र आजच करा. पीओपीवाला येण्याआधी छतात चार जागी वायरी टाकून घ्या: सोफ्यावर बसून मान वर केली की साधारण ४५ अंशांवर दोन पुढे आणि दोन मागे, आणि पंख्याचं पातं आड येणार नाही अशा बेताने. मागच्या भिंतीच्या मध्यावर सबवूफरसाठी एक पाइप आणि एक प्लग पॉइंट काढा. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एचडीएमआयची वायर नुसती गाडू नका, सव्वा इंची पाइपातून न्या आणि आत ओढदोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे वायर बदलायला छत फोडावं लागणार नाही. पाइपाची वळणं काटकोनात नकोत, वायरमनला लांब बेंड वापरायला सांगा. वायरी टाकून झाल्या की प्लास्टर व्हायच्या आधी भिंती-छताचे मोजायचा टेप लावून फोटो काढा आणि मला पाठवा, स्पीकरच्या नेमक्या जागा त्यावरूनच सांगतो.